दत्तक आणि दिरंगाई

आपल्या पश्चात मागे राहणाऱ्यांची सोय लावून देणे यासाठी मराठीत ‘निरवानिरव’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. घरदार, शेतीवाडी, देणेघेणे, लेकराबाळांचा आणि आश्रितांचा सांभाळ ह्या सर्वांचा त्यात समावेश होतो. मात्र निरवानिरव ही शेवटच्या दुखण्यात, गंगाजळ तोंडात पडण्याच्या वेळी करावयाची गोष्ट आहे, असा एक समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे; आणि एकदा ती केली म्हणजे ती कायमची झाली, असा दुसरा समज त्याच्या जोडीला आहे. हे दोन्ही समज किती महाग पडतात याची साक्ष सामान्य माणसाच्या घरातल्या कज्जेदलालीत मिळतेच. परंतु मराठ्यांच्या राजघराण्यांच्या इतिहासात ती अधिक ठसठशीतपणे मिळते. तेथे चुकलेल्या वेळेची किंमत एखाद्या वाड्याने नव्हे, तर सबंध राज्याने मोजली.

पूर्वीच्या हिंदू समाजात आजच्या अर्थाने मृत्युपत्राचा प्रघात नव्हता. धर्मशास्त्राने वारसाचा क्रम ठरवून दिलेला होता आणि पुत्र नसेल तर दत्तविधानाचा मार्ग सांगितलेला होता. राजाच्या घरी दत्तविधान हे धर्मकृत्य होते, तसेच ते राजकारणही होते. दत्तक मुलगा गादीवर येणार म्हणजे त्याच्या जन्मदात्या घरातील माणसे दरबारात येणार. त्याला निवडणाऱ्या राणीचा शब्द चालणार आणि न निवडणाऱ्या राणीचा उतरणार. म्हणून पुष्कळ राजे हा निर्णय पुढे ढकलीत. पोटी पुत्र होईल ही आशा असे. जिवंतपणीच आपल्या शेजारी दुसरे सत्ताकेंद्र उभे राहील ही भीतीही असे. शिवाय वारस ठरविणे म्हणजे मृत्यूला आवतण देणे, ही लोकसमजूत राजवाड्यातही होतीच. ही कारणे मानवी आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. परंतु काळ कोणाच्या आशेसाठी थांबत नाही.

शाहू छत्रपतींचे उदाहरण प्रथम घ्यावे. त्यांना पुत्रसंतती राहिली नव्हती. त्यांची कारकीर्द दीर्घ झाली आणि शेवटची वर्षे आजारात गेली. ताराबाईंनी आपला नातू रामराजा गुप्तपणे वाढविला आहे असे उघड केले, तर सकवारबाईंचा ओढा कोल्हापूरच्या संभाजीराजांकडे होता. अखेरीस शाहूंनी स्वहस्ते दोन याद्या लिहून राज्याचा कारभार बाळाजी बाजीराव पेशव्यांकडे सोपविला आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास त्यांचे निधन झाले. रामराजा गादीवर आला. पण वर्ष संपण्यापूर्वीच, नोव्हेंबर १७५० मध्ये, ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेवले आणि ज्याला स्वतःचा नातू म्हटले होते तो खरा नव्हेच असे जाहीर केले. ज्याचा वंशाधिकारच वादात सापडला तो छत्रपती नाममात्र उरला आणि राज्याचे केंद्र पुण्यास गेले. शाहूंनी व्यवस्था केली नाही असे नव्हे. त्यांनी ती इतक्या उशिरा केली की तिला आपल्या हयातीत मुळे धरू देणे त्यांना शक्य झाले नाही. वारस नेमणे एक आणि तो चार लोकांनी मान्य केलेला पाहणे दुसरे. दुसऱ्यासाठी वेळ लागतो.

ग्वाल्हेरच्या इतिहासात हीच गोष्ट दोनदा घडली. दौलतराव शिंदे २१ मार्च १८२७ रोजी दत्तक न घेताच वारले. त्यांच्या मागे बायजाबाईंनी शिंदे कुळातील मुगुटराव या मुलास दत्तक घेऊन जनकोजीराव असे नाव दिले. बायजाबाई कर्तबगार होत्या. परंतु दत्तक पुत्र वयात आल्यावर अधिकार केव्हा व कसा सोडावयाचा हे दौलतरावांनी लिहून ठेवलेले नव्हते. त्यावरून आई-मुलाचे बिनसले आणि १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. खुद्द जनकोजीरावांनी तरी ह्यावरून धडा घ्यावा. पण तेही ७ फेब्रुवारी १८४३ रोजी निपुत्रिक व दत्तकाविना निवर्तले. त्यांची विधवा ताराबाई अगदी कोवळ्या वयाची होती. तिने दत्तक घेतलेला मुलगा जयाजीराव तिच्याहून फार लहान नव्हता. राजा अज्ञान, राणी अज्ञान. मग कारभार कोणाचा? एका बाजूस मामासाहेब कदम, दुसऱ्या बाजूस दादा खासगीवाले, आणि तिसऱ्या बाजूस ह्या भांडणाकडे डोळा लावून बसलेली कंपनी. शेवट २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी महाराजपूर व पनियार येथे लढाया होऊन झाला. पुढल्या महिन्यातील तहाने शिंद्यांचे सैन्य नऊ हजारांवर आणले. महादजींनी उभारलेली फौज अशा रीतीने एका न केलेल्या निरवानिरवीच्या पायी खर्ची पडली.

इंदूरचा धडा थोडा वेगळा आहे. दुसरे मल्हारराव होळकर १८३३ च्या ऑक्टोबरात निपुत्रिक वारले तेव्हा राजस्त्रियांनी मार्तंडराव या लहान बालकास दत्तक घेऊन गादीवर बसविले. परंतु महेश्वरास कैदेत असलेल्या हरिरावांचा हक्क अनेकांना अधिक पटत होता. सहा महिन्यांच्या आत हरिराव सुटले आणि गादीवर आले. दत्तक बालक बाजूस सारले गेले. हरिरावांनी ह्यावरून बोध घेतला असे म्हणावयास हवे, कारण त्यांनी आपल्या हयातीतच खंडेरावांना दत्तक घेतले. ऑक्टोबर १८४३ मध्ये हरिराव वारले आणि खंडेराव बिनविरोध गादीवर बसले. येथवर सर्व सुरळीत झाले. पण फेब्रुवारी १८४४ मध्ये, म्हणजे चार महिन्यांच्या आत, ते कोवळे खंडेरावही वारले, आणि त्यांच्या मागे कोण, ह्या प्रश्नाला हरिरावांच्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. त्याच वर्षी दुसऱ्या तुकोजीरावांची निवड झाली, तीत मातुःश्री केसरबाईंचा शब्द होता, तसाच रेसिडेंटाचा हातही होता. इंदूरची गादी राहिली, पण गादीवर कोण बसणार हे ठरविताना परक्याला बोलावावे लागले. ज्याच्या नावे सर्व ठेवावयाचे तो आधी गेला किंवा लगोलग गेला तर काय, हा प्रश्न अशुभ वाटतो. पण तो विचारल्यावाचून कोणतीही व्यवस्था पुरी होत नाही.

आतापर्यंतच्या उदाहरणांत बदलली ती घरची परिस्थिती. आता बाहेरची परिस्थिती, म्हणजे कायदाच, कसा बदलला ते पाहावे. कारण खरा घात तेथे झाला. मांडलिकाने दत्तक घेताना सार्वभौम सत्तेची संमती घ्यावी आणि नजराणा भरावा ही चाल मराठी अमदानीतही होती. ती संमती सहसा नाकारली जात नसे. पेशवाई बुडाल्यावर कंपनीने सार्वभौमाची जागा घेतली आणि त्या जुन्या शिष्टाचाराला नवा अर्थ दिला. १८३४ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने असे ठरविले की दत्तकास संमती देणे हा नियम नसून अपवाद असावा आणि ती विशेष कृपा म्हणूनच द्यावी. १८४१ मध्ये ते आणखी पुढे गेले: न्याय्य मार्गाने मिळणारा मुलूख वा महसूल सोडावयाचा नाही, असे धोरण त्यांनी लिहून ठेवले. लॉर्ड डलहौसी १८४८ च्या जानेवारीत हिंदुस्थानात आला तेव्हा हे हत्यार तयार होते. त्याने फक्त ते निर्धास्तपणे चालविले.

पहिला घाव साताऱ्यावर पडला. १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना राज्य दिले होते. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले. आप्पासाहेबांना मूल नव्हते. ५ एप्रिल १८४८ रोजी, मृत्यूच्याच दिवशी, त्यांनी एका मुलास विधिपूर्वक दत्तक घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तकाला अनुकूल होते. परंतु डलहौसीने निर्णय उलट दिला. त्याचा युक्तिवाद सरळ होता: दत्तक मुलगा खासगी मालमत्तेचा वारस होईल, राज्याचा नव्हे, राज्यासाठी सार्वभौमाची पूर्वसंमती हवी आणि ती येथे नाही. ‘वारस’ ह्या तहातल्या एका शब्दाचा अर्थ काय, ह्यावर छत्रपतींची गादी गेली. १८१९ मध्ये तो शब्द लिहिणाऱ्यांना व वाचणाऱ्यांना दत्तक पुत्र वारसात येतो याविषयी शंका वाटण्याचे कारण नव्हते. तीस वर्षांत शब्द तोच राहिला, वाचणारा बदलला.

सातारा १८४९ मध्ये खालसा झाला ही बातमी हिंदुस्थानभर पसरली. ज्या ज्या संस्थानात पुत्र नव्हता तेथे आपले कागद पुन्हा उघडून पाहण्याची ती वेळ होती. झाशीस तर त्याहून जुना इशारा मिळालेला होता. १८१७ च्या तहाने नेवाळकर घराण्याचा वंशपरंपरागत अधिकार मान्य झाला होता. पण १८३५ मध्ये रामचंद्रराव वारले तेव्हा त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेल्या दत्तकाचा हक्क कंपनीने मानला नाही आणि चुलते रघुनाथराव यांना गादी दिली. त्यांच्या मागून आलेले गंगाधरराव हे ह्याच निर्णयाच्या छायेत राज्य करीत होते. १८५१ मध्ये लक्ष्मीबाईंच्या पोटी त्यांना पुत्र झाला, पण तो काही महिन्यांतच गेला. मुलाचा मृत्यू हा कोणत्याही घराचा कणा मोडणारा आघात. त्या दुःखात दत्तकाचा विचार सुचू नये हे समजण्यासारखे आहे. तथापि दिवस गेले, महिने गेले आणि गंगाधररावांची प्रकृती ढासळत गेली. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी आनंदराव या पाच वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन दामोदरराव असे नाव दिले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन या इंग्रज अधिकाऱ्यांना समोर बोलावले. मुलास मान्यता द्यावी आणि राणीने हयातभर कारभार पाहावा असा खलिता एलिसच्या हाती दिला. दुसऱ्याच दिवशी ते वारले.

ह्या दत्तविधानात विधी होता, साक्षीदार होते, लेखी विनंती होती. नव्हता तो फक्त वेळ. मंजुरी मागणाराच दुसऱ्या दिवशी नाहीसा झाला आणि विनंती पाठपुराव्यावाचून कलकत्त्यास गेली. १८३५ च्या निर्णयाचा दाखला देऊनच डलहौसीने दामोदररावांचा राज्यावरील हक्क नाकारला आणि मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. पुढे काय झाले ते प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. फारसे ठाऊक नाही ते एवढेच की, ज्या बालकाच्या हक्कासाठी राणी झुंजली ते दामोदरराव पुढे अल्पशा पेन्शनीवर इंदुरात राहिले आणि १९०६ मध्ये तेथेच वारले.

नागपूरला तर एवढाही कागद नव्हता. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी, गंगाधररावांच्या मागोमाग तीन आठवड्यांच्या आत, पुत्र वा दत्तक न ठेवता वारले. रेसिडेंट मॅन्सेल यांनी घराण्याच्या बाजूने शब्द टाकला, वयोवृद्ध बाकाबाईंनी तक्रारी केल्या. पण उपयोग झाला नाही. १८५४ मध्ये एवढे मोठे राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात विकले गेले. दत्तक जानोजींना पुढे साताऱ्याकडील देऊरच्या नावाने ‘राजाबहादूर’ हा किताब मिळाला. राज्य मिळाले नाही.

याउलट ब्रह्मावर्ताचे उदाहरण पाहावे. दुसरे बाजीराव पेशवे ह्या बाबतीत दिरंगाई करणारे नव्हते. त्यांनी नानासाहेबांना १८२७ मध्येच दत्तक घेतले आणि हयातीत मृत्युपत्र करून त्यांना वारस नेमले. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले तेव्हा त्यांची खासगी मालमत्ता नानासाहेबांकडे आली. पण घराण्याचा मुख्य आधार होता तो आठ लक्षांच्या वार्षिक नेमणुकीचा. १८१८ च्या ठरावात ती बाजीरावांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी म्हटली होती. कंपनीने ती केवळ व्यक्तीपुरती असल्याचे सांगून बंद केली. तेहतीस वर्षे ती रक्कम दरसाल येत राहिली आणि ती आपल्यामागे चालेल की नाही याचा निर्विवाद लेखी निकाल बाजीरावांच्या हयातीत लागला नाही. वारस नेमला, पण वारशाचा पाया तपासला गेला नाही.

येथे न्यायाने बोलावयाचे तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सर्व दोष ह्या राजांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. ज्याला घ्यावयाचेच आहे तो सबब शोधून काढतो. कंपनीची भूक हीच ह्या इतिहासाची मुख्य प्रेरणा होती. वेळेवर दत्तक घेतला असता तर झाशी वाचलीच असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरीही लढण्याची जागा उरली असती. राजपुतान्यातील करौलीचा राजा १८५२ मध्ये वारला तेव्हा तेथेही दत्तकाचा वाद निघाला. परंतु करौली हे कंपनीच्या कृपेने निर्माण झालेले राज्य नसून संरक्षित मित्रराज्य आहे असे मानून संचालक मंडळाने ते खालसा करण्यास नकार दिला. म्हणजे कागद, दर्जा आणि युक्तिवाद यांना त्या काळीही काही वजन होते. ते वजन पारड्यात टाकण्यासाठी टाकणारा जिवंत असावा लागतो.

१८५७ च्या उठावानंतर वारा फिरला. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने संस्थानिकांना अभय दिले आणि लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये दत्तकाच्या सनदा दिल्या. त्याचे फळ बडोद्यास मिळाले. खंडेराव गायकवाड नोव्हेंबर १८७० मध्ये वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. पुढे कन्या झाली आणि खंडेरावांचे बंधू मल्हारराव गादीवर कायम झाले. १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, पण संस्थान खालसा झाले नाही. जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली आणि २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला. जो नियम झाशीला नडला तोच बदलल्यावर बडोद्याला एक थोर राजा मिळाला. वीस वर्षांच्या अंतरात एकाच कृत्याचे कायदेशीर फळ इतके भिन्न होऊ शकते.

संस्थाने गेली, सनदा गेल्या. परंतु प्रत्येक कुटुंब हे आपल्यापुरते एक लहान संस्थानच असते आणि त्याला हे नियम अजून लागू पडतात. आज हाती मृत्युपत्र आहे. ते करणाऱ्याला हयातीत कितीही वेळा बदलता येते, किरकोळ फेरफार पुरवणी जोडून करता येतो आणि शेवटी केलेले ग्राह्य धरले जाते. म्हणून प्रश्न मृत्युपत्र केले की नाही एवढाच नाही; ते शेवटचे केव्हा वाचले, हाही आहे. घरात जन्म झाला, मृत्यू झाला, लग्न किंवा काडीमोड झाला, नवे घर घेतले वा जुने शेत विकले, ज्याच्यावर व्यवस्था सोपविली तो स्वतःच थकला किंवा दूर गेला, तर तो कागद पुन्हा उघडावा. नेमलेला वारस आधी गेल्यास पुढे कोण, हे त्यात आहे ना, ते पाहावे. इंदूरला तेच राहिले होते.

कायदा बदलला की तर अवश्य पाहावे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती वा पारशी मनुष्याने विवाह केला की त्याचे पूर्वीचे मृत्युपत्र रद्द होते. हिंदूंचे होत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यापूर्वी लिहिलेल्या कित्येक मृत्युपत्रांत ‘आपली’ म्हणून नोंदलेली मिळकत आज तितकी आपली उरली नसेल. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आणि २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात कायम राहिलेल्या नियमाप्रमाणे मुले वा आईवडील यांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी निम्मा हिस्सा राखून ठेवावा लागतो. उरलेल्याचीच व्यवस्था स्वेच्छेने करता येते. ज्याचे घर गोव्यात आणि शेत बेळगावकडे, त्याने दोन्हीकडचे नियम जाणत्या वकिलास विचारूनच लेखणी उचलावी.

गंगाधररावांनी शेवटच्या दिवशी जे केले ते सर्व बरोबर होते. मुलगा योग्य निवडला, साक्षीदार योग्य बोलावले, खलिताही योग्य लिहिला. त्यांना आणखी एक वर्ष हवे होते. आणि पुत्रशोकातून सावरून त्यांनी आपली व्यवस्था वेळीच पुन्हा पाहिली असती, तर ते त्यांच्या हातात होते.